कूलरमध्ये पाणी कोण भरतं?

होळी जवळ आली की विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात घरोघरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. माळ्यावरचा नाहीतर मागच्या पडवीतला कूलर बाहेर निघतो. वरची जुनी चादर काढायची, आतली झुरळं आणि पालीची अंडी झाडायची, गेल्या वर्षीच्या कुजलेल्या ताट्या फेकून नव्या बसवायच्या. ऐपत असेल तर वाळ्याच्या, नाहीतर लाकडाच्या भुशासारख्या त्या स्वस्तातल्या. मग पंख्याला तेलाचे दोन थेंब, पत्र्याला जमलं तर रंगाचा एक हात, आणि कूलर खिडकीत जाऊन बसतो तो थेट मृग लागेपर्यंत. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, जळगाव इथे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा पत्र्याचा डबा म्हणजे घरातला देवच असतो म्हणा ना!

हा देव विकत आणतात घरातले पुरुष. कोणत्या कंपनीची मोटर, किती इंची पंखा, कितीला पडला ही सगळी चर्चा त्यांची. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्यासमोर पहिली खुर्चीही त्यांचीच. पण त्यात पाणी कोण भरतं?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पन्नास-साठ लिटरची टाकी मे महिन्याच्या दुपारी काही तासांत तळाला जाते. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा बादल्या न्यायच्या किंवा पाइप लावायचा. ज्या गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे तर सांडपाणी नीट गाळून तेही कूलरला पुरवायचं. हे सगळं दुपारी घरात असणारी बाई करते, नाहीतर शाळेला सुट्टी लागलेली पोरगी. हात ओले, पाय अनवाणी, फरशीवर पाणी सांडलेलं आणि समोर लोखंडी पत्र्याच्या पेटीत विजेची मोटर. विजेला याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यात एक बातमी असते. ‘कूलरचा शॉक लागून महिलेचा मृत्यू.’ कधी ‘बालकाचा मृत्यू’. चार ओळी, गावाचं नाव, आकस्मिक मृत्यूची नोंद, संपलं. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं जातात, ही सरकारदरबारी नोंद झालेली गोष्ट आहे. त्यात शेतातले, कामावरचे मृत्यूही आले. पण घरातल्या कूलरने जाणाऱ्या बाईची बातमी वाचताना ‘नशीब फुटकं’ म्हणून पान उलटलं जातं, त्याचा मात्र आम्हाला राग येतो. यात नशिबाचा भाग फार थोडा आहे, न केलेल्या दुरुस्तीचा फार मोठा.

कारण अशा बहुतेक घरांत एक वाक्य आधी बोललं गेलेलं असतं. “जरा करंट मारतोय, चप्पल घालून पाणी भर.”

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या घरात या वर्षी कोणी उच्चारलं तर त्या क्षणी कूलर बंद झाला पाहिजे आणि दुरुस्त होईपर्यंत सुरू होता कामा नये. मग पारा ४७ वर का जाईना. हाताला मुंग्या आल्या, झिणझिण्या बसल्या म्हणजे पत्र्यात वीज उतरली आहे, एवढा त्याचा सरळ अर्थ. आज झिणझिण्यांवर निभावलं ते हात कोरडा होता म्हणून. उद्या तोच हात ओला असेल. ओल्या कातडीतून वीज कितीतरी सहज शिरते. जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्यातून साधारण ४३० मिलिअँपिअर वीज वाहते. त्याच्या विसाव्या भागाइतकी वीज शरीरातून गेली तरी हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘चिकटली’ म्हणतात ते हेच. बाईच्या मनात सोडायचं असतं, पण हात ऐकत नाही.

पत्र्यात वीज उतरते कशी? पाण्यात बुडालेला तो छोटा पंप कित्येक महिने कोरडा पडून राहतो, त्याचं वरचं आवरण तडकतं. पंख्याच्या थरथरीने वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहते. मागच्या वर्षी उंदराने कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळलेली असते, ती ओलाव्याने सुटते. यातलं काहीही होऊ शकतं आणि होतंच. म्हणून तर तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली जाड पिन अर्थिंगची. पत्र्यात वीज उतरलीच तर ती आपल्या अंगातून न जाता त्या वाटेने जमिनीत जावी, यासाठी ती. पण कितीतरी घरांत बोर्डाला दोनच भोकं म्हणून तिसरी पिन कापलेली असते, किंवा वायरची उघडी टोकं काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेली असतात. काही जण कूलर लाकडी स्टुलावर ठेवतात आणि निर्धास्त होतात. स्टुलाने पत्र्यातली वीज जात नाही हो, ती तिथेच दबा धरून बसते, तुमचा हात लागेपर्यंत.

अर्थिंगबद्दल आणखी एक गोष्ट, जी वायरमनला माहीत असते पण घरातल्या बाईला कोणी सांगत नाही. अर्थिंगची तार अंगणात जमिनीत पुरलेली असते आणि तिचं काम चालतं ते मातीतल्या ओलीवर. चैत्र-वैशाखात माती भेगाळते, तेव्हा अर्थिंगही कमजोर पडतं. म्हणजे कूलर चोवीस तास चालू असतो नेमका तेव्हाच त्याचा रखवालदार पेंगत असतो! म्हणून उन्हाळ्यात त्या जागी दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओतायचं. तुळशीला पाणी घालताना तिथेही घालावं. पण आपल्या घराचं अर्थिंग कुठे पुरलंय, हे किती जणींना ठाऊक आहे? आणि पुरलंय तरी का? जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत बरेचदा ते नसतंच. बोर्डात तिसरं भोक असतं, आत तार जोडलेली नसते. हे वायरमनने तपासूनच कळतं.

आता एक नाव पाठ करून ठेवा. आरसीसीबी. काही जण जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. मीटरजवळच्या डब्यात काळ्या-निळ्या खटक्याची जी एमसीबी असते तिने आपला जीव वाचतो असा अनेकींचा समज आहे. तो चुकीचा आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून पडते, माणूस चिकटला तर तिला पत्ताही लागत नाही. वीज वाट सोडून दुसरीकडे, म्हणजे कुणाच्या अंगातून, जायला लागली की क्षणात पुरवठा तोडते ती आरसीसीबी. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची, हा आकडा वायरमनला सांगायचा. तिच्यावर ‘टी’ अक्षराचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचं. घरची वीज गेली तर ती जागी आहे, नाही गेली तर वायरमनला बोलवायचं. किंमत म्हणाल तर एका बऱ्यापैकी साडीइतकी. घरात टीव्ही चाळीस इंची असतो आणि हे यंत्र नसतं, हा हिशेब कोणी आणि कसा मांडला, ते एकदा घरात विचारून बघायला हरकत नाही.

आणि पाणी भरताना? बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. कारण बोर्डाचं काम चुकीचं झालेलं असेल तर बटण बंद असूनही वीज आत येत राहते. प्लग काढला, पायात कोरडी चप्पल घातली, पाणी भरलं, फरशी पुसली, हात पुसले, मग प्लग लावला. पाच मिनिटं जास्त लागतात. तेवढ्या वेळात ‘अगं, बंद कशाला केलास?’ असा आतून आवाज येईल, तो येऊ द्या. कोणी चिकटलंच तर त्याला हाताने ओढायला धावायचं नाही. आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने दूर ढकलायचं. घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही मेन स्विच कुठे आहे हे दाखवून ठेवा. किती घरांत तो दारावर इतका उंच असतो की बाईचा हात पोचतच नाही! ज्याने बसवला त्याने स्वतःच्या उंचीने बसवला.

कूलरच्या बाबतीत डासांचंही सांगायला हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, कोरडा दिवस पाळायचा. मात्र नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. कडा घासणीने घासायलाच हव्यात, आणि मोसम संपल्यावर कूलर ठेवून देण्याआधी तर नक्कीच.

कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कूलर कुठला? खरंच आहे. हवेतच ओल असली की कूलर थंड करणार कशाने! पण थंडीत आंघोळीला ऊन पाणी सगळ्यांनाच लागतं आणि तिथे तर मामला जास्त कठीण आहे.

पूर्वी घरात बंब होता. तांब्याचा, चिंच लावून लख्ख घासलेला. मधल्या नळीत काटक्या, गोवऱ्या, करवंट्या, खाली राख. बंब पेटेना झाला तर नळी कुठे तुंबली, जाळीत काय अडकलं, हे घरातल्या बाईला बरोब्बर कळायचं. त्याची देखभाल तिची होती आणि त्याचं ज्ञानही तिचंच होतं. बंबाचे गोडवे गायचे नाहीत, त्या धुराने आपल्या आज्यांचे डोळे आणि छाती खराब झाली. पण तो धूर निदान दिसायचा, नाकाला झोंबायचा. न्हाणीघर कौलारू, फटीफटीतून वारा जायचा.

बंब गेला आणि गॅस गिझर आला. स्वस्त, वीज नसली तरी चालणारा, नळ सोडताच गरम पाणी. लहान गावांत तो घरोघरी पोचला आणि बसवणाऱ्याने तो सरळ न्हाणीघरातच, डोक्याच्या वर ठोकला. चार बाय पाचची खोली, दार बंद. आत गॅस जळतोय, तो हवेतला प्राणवायू खातोय. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुदमरतो आणि आपण गुदमरतोय हे त्याला कळतही नाही.

यात बाई जास्त सापडते, आणि त्याचं कारण कुणी उघड बोलत नाही. रविवारी तिचं डोकं धुणं असतं. केस लांब, वेळ जास्त, गरम पाणी सतत सुरू. न्हाणीघराला जी वीतभर खिडकी असते तिला पुठ्ठा लावलेला असतो, कारण मागच्या गल्लीतून दिसतं. झडप उघडी ठेवावी तर लाज, बंद ठेवावी तर जीव! या पेचावर ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढाच सल्ला देणाऱ्यांनी कधी भर वस्तीतल्या घरात आंघोळ केलेली नसते. उपाय आहे तो वेगळा. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यायची. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. जोवर ते होत नाही तोवर दार बंद करण्याआधीच बादल्या भरून घ्यायच्या, गिझर बंद करायचा आणि मग आंघोळीला बसायचं. खिडकीला पुठ्ठ्याऐवजी तिरप्या काचांची झिलमिल बसवली तर बाहेरचं दिसत नाही आणि हवाही खेळते.

आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पायांतलं बळ गेलं तर ‘पित्त झालं असेल’, ‘उपासामुळे असेल’ असं म्हणत बसू नका. नळ बंद, दार उघडं, आणि बाहेर. कपड्यांचा विचार नंतर. आतून आवाज येत नसेल तर बाहेरच्यांनी दार तोडायला मागेपुढे पाहू नये. २०२० नंतर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अनेकांच्या घरी आलं आहे. इथे त्याच्यावर विसंबू नका. या विषारी वायूने भरलेलं रक्त त्याला प्राणवायूने भरलेलंच वाटतं आणि आकडा छान ९८ दाखवतो. माणूस शुद्धीवर असला तरी डॉक्टरकडे न्यायचं आणि ‘गॅस गिझर सुरू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

त्याची देखभालही वर्षातून एकदा, थंडीच्या आधी करून घ्यावी. आतली ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे जाळ नीट होत नाही. सिलिंडरची नारिंगी रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची; तिच्यावर साल छापलेलं असतं, आजच बघा. गॅसचा वास आलाच तर १९०६ हा गळतीच्या तक्रारीचा नंबर देशभर चालतो.

विजेच्या गिझरला एवढा धोका नाही, फक्त बोअरचं जड पाणी त्याचा शत्रू. आत क्षाराचा थर बसतो, पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं. वर्ष-दोन वर्षांनी उघडून साफ करून घ्यावा. बाजूच्या व्हॉल्व्हमधून तापताना थेंब-थेंब पाणी गळतं ते वाढलेला दाब मोकळा करण्यासाठी, ते बूच मारून बंद करू नये. आणि बादलीत सोडायचा तो हीटरचा रॉड? पाण्यात बोट घालून ‘तापलं का’ बघण्याआधी प्लग काढायचा. दरवेळी.

एसी आता तालुक्याच्या गावीही दिसतो. त्याचं घरच्या घरी करण्यासारखं काम सोपं आहे. पुढचं झाकण उघडून जाळी काढायची, नळाखाली धुवायची, सावलीत वाळवून परत लावायची. वापर रोजचा असेल तर पंधरा दिवसांनी. जाळी तुंबली की खोली गार होत नाही, मग आपण १८ वर नेतो आणि बिल फुगतं. २०२० पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्टारच्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ ठेवणं बंधनकारक आहे, ते उगीच नाही. तेवढ्यावर ठेवून पंखा हळू लावला तर कोणाचं काही बिघडत नाही. मेकॅनिक मात्र मे महिन्यात येणार, घाईत असणार आणि म्हणणार, “वहिनी, गॅस संपलाय, भरावा लागेल.” एसीतला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. “आधी गळती कुठे आहे ते दाखवा, ती बंद करा, मग भरा,” एवढं म्हणून बघा. त्याचा आवाज लगेच बदलतो.

किंवा तो विचारतो, “साहेब घरी आहेत का?” हा प्रश्न आमच्या फार डोक्यात जातो. दिवसभर यंत्र हाताळते ती बाई. आवाज बदलला, वास आला, मुंग्या आल्या हे पहिल्यांदा कळतं तिला. पण दुरुस्तीचा निर्णय साहेबांचा, आणि साहेबांना रविवारशिवाय वेळ नाही. “अहो, वायरमनला बोलवा ना” हे वाक्य मार्चपासून मेपर्यंत किती वेळा बोलावं लागतं? घरात धान्य कधी भरायचं, कुरडया कधी घालायच्या, हे ठरवायला आपण कुणाला विचारत नाही. कूलर-गिझरची तपासणी त्याच यादीत टाकायची. वायरमनचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये, त्याचे पैसे घरखर्चात धरलेले. भाड्याचं घर असेल तर मालकाला, किंवा शक्यतो मालकिणीला, अर्थिंगचं विचारायचं आणि मेसेजवर लेखी विचारायचं. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तुमच्या गावातल्या एखाद्या मुलीने तो केला असेल तर पहिलं काम तिला द्या. ती साहेबांना विचारणार नाही.

यंदाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं. तिळगूळ झाले, प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या वाणात वाटून झाल्या. पण चैत्रगौरीचं यायचं आहे. आंब्याची डाळ आणि पन्हं देताना महिला मंडळाने वायरमनला तासभर बोलवावं, आरसीसीबी कशी दिसते ते सगळ्यांना हातात घेऊन बघू द्यावं, आणि वाण म्हणून एकेक टेस्टर द्यावा. एका वाटीच्या किमतीत येतो. पत्र्याला लावून पेटला तर धोका नक्की. नाही पेटला तर मात्र सगळं ठीक आहे असं धरून चालायचं नाही, वायरमनची तपासणी हवीच. चैत्रगौर येईपर्यंत कूलर सुरू झालेलाच असेल. तोवर निदान पाणी भरण्याआधी प्लग काढा.